बियाण्याची चूल

रोज सकाळी शाळेला निघताना मी चूल धुमसती ठेवून घराबाहेर पडतो. दाराला कडी घालतो, अंगण ओलांडतो, ओढ्यापर्यंत जातो आणि तिथे पाय थांबतात. खोड पुरेसं मागे ओढलं होतं ना? राख नीट बसली होती ना? केरसुणी चुलीपासून लांब ठेवली होती, की तिथेच राहिली? पुष्कळदा ओढ्यावरून परत येतो आणि चुलीसमोर उकिडवा बसून बघतो. सगळं जसं ठेवलं तसंच असतं. पुन्हा निघतो, आणि ओढ्यापाशी पुन्हा तेच.

अक्का होती तोवर ही काळजी तिची होती. चुलीसाठी घाबरलेली मी तिला कधी पाहिली नाही. एकदा मात्र ती घाबरली होती, असं आता वाटतं. त्या दिवसाचंच लिहायला बसलो आहे. हात सावकाश चालतो. थोडं लिहितो, उठून चूल बघून येतो, पुन्हा लिहितो.

अक्का माझी थोरली बहीण. लग्नानंतर वर्षभरातच तिचं कुंकू पुसलं गेलं आणि ती माहेरी आली. पुढे आईवडीलही एकापाठोपाठ गेले. मला तिने वाढवलं, खानापूरला शिकायला धाडलं, आणि मी शिकून आलो तेव्हा कुंभारवाड्याकडच्या या आमच्या वाडीजवळच मला शाळा मिळाली. ती मला ‘तम्मा’ म्हणायची. धाकट्या भावाला कानडीत म्हणतात तसं. मी मास्तर झालो, मला मिशा फुटल्या, तरी मी तम्माच होतो.

आमच्या वाडीत भाताचं बियाणं एकाच घरात ठेवतात. कापणी झाली की प्रत्येक घर पुढच्या पेरणीचं भात पेंढ्याच्या दोरात गच्च गुंडाळून त्याचं गोल गाठोडं करतं. त्याला मुडी म्हणतात. या मुड्या चुलीवर टांगलेल्या बांबूच्या माळ्यावर ठेवायच्या. रोजचा धूर लागला की त्यांना किडा लागत नाही. पण कापणीनंतर वाडीतली बहुतेक घरं जंगलतोडीच्या कामाला रानात जाऊन राहतात, त्यांच्या चुली थंड पडतात. म्हणून ज्या घरात कायम माणूस आहे त्या घरच्या चुलीवर सगळ्यांच्या मुड्या चढतात, आणि त्या चढल्यापासून पेरणीला खाली उतरेपर्यंत त्या चुलीतला विस्तव विझू द्यायचा नाही. ते घर आमचं होतं. अक्का कुठे जाणार होती?

लग्नाच्या मांडवात अक्का मागच्या बाजूला बसायची. हळदीकुंकवाला तिला कोणी बोलवत नसे. ओटी भरताना ती आपणहून उठून परसात जायची. पण मुड्या चढवायच्या दिवशी त्याच बायका डोक्यावर गाठोडी घेऊन आमच्या दारात उभ्या राहायच्या आणि म्हणायच्या, ‘अक्का, आमचं बी घे गं.’ त्या दिवशी ती धुवट लुगडं नेसायची आणि उंबऱ्याच्या आत उभी राहून एकेक मुडी हातात घ्यायची. प्रत्येक घराची दोराला मारायची गाठ वेगळी असते. कोणाची दुपेडी, कोणाची शेपूट आत खोचलेली, कोणाची नुसती पिळलेली. अक्काला सगळ्या गाठी माहीत होत्या. वर्षभरात तिचा म्हणून असा तो एकच दिवस.

चूल राखायचेही नियम होते. घरात कोणी नसताना चुलीत कुंभ्याचं खोड घालायचं. कुंभ्याचं लाकूड ज्वाळ धरत नाही, नुसतं आतल्या आत धुमसत राहतं. जाड खोड असलं तर दिवसचे दिवस पुरतं. त्याचं टोक निखाऱ्यात ठेवायचं, वर राख ओढायची आणि उंबरा ओलांडायचा. एकदा उंबरा ओलांडला की परत येईपर्यंत विस्तवाचं नाव काढायचं नाही. राखेखाली झाकलेल्या विस्तवाचं वाटेत नाव घेतलं की तो मान वर काढतो, असं समजतात. ज्या बाईने चूल झाकली तिला तर काही विचारायचंच नाही.

मी शाळेत शिकलेला. या समजुतीला मी मनात हसायचो. पण अक्काला चुलीचं काही विचारायची माझी कधी छाती झाली नाही.

त्या वर्षी पावसाळ्यात मला हिवतापाने धरलं. दिवाळीपर्यंत मी अंथरुणातच होतो. अक्काने उळवीच्या देवाला नवस बोलला की भाऊ उठला की त्याला तुझ्या पायांवर आणून घालीन. माघात जत्रा आली. कामावरची माणसंही त्या दिवसांत परत येतात. सगळी वाडी गाड्या जुंपून निघाली. मागे राहिली ती फक्त समोरच्या घरची म्हातारी. तिला धड दिसत नव्हतं आणि गाडीचे हिसके सोसत नव्हते.

अक्काने महिनाभर आधीच एक खोड निवडलं होतं. ते मागच्या दारी भिंतीला टेकून उन्हात वाळत होतं. त्याला मध्यावर कुबडासारखा उंचवटा होता. आजारातून उठल्यावर मी तेच खोड आडवं करून त्यावर बसून उन्हात वाचत असे. वाचून झालं की पुन्हा भिंतीला टेकवायचो. अक्का म्हणायची, ‘वाचून वाचून त्याला शाणं केलंस की काय रे? चुलीत गेल्यावर पोथी म्हणंल.’

जत्रेला निघायचं म्हणून ती पहाटे उठली. तिने अंधारातच चूल सारवली, मागच्या दारातलं खोड ओढून आणून निखाऱ्यांत घातलं, राख ओढली आणि बाहेर आली. दाराला कडी घातली. आम्ही शेजाऱ्यांच्या गाडीत बसलो. गाडी हाकणाऱ्या शेजाऱ्याला मी मामा म्हणायचो. नात्याने नव्हे, सवयीने. माणूस मोठ्या तोंडाचा, पण मनाने सरळ. गाडीत त्याची बायको, अक्का आणि आणखी एक-दोघी होत्या.

ऊन चढल्यावर पहिला मोठा उतार लागला. अशा उतारावर गाडी बैलांच्या अंगावर जाऊ नये म्हणून मागे एक जड ओंडका दोराने बांधून फरपटत सोडतात. मामाने गाडीखालून ओंडका काढून बांधला. पुरुष उतरले. मीही गाडीच्या मागून चालू लागलो. ओंडका दगडांवर आपटत, उसळत माझ्या पुढून चालला होता. एकदा तो उलटला आणि मला त्याचं कुबड दिसलं.

मी आधी हसलो. वाटलं, सगळी खोडं सारखीच. मग वाकून चालता चालता नीट पाहिलं. त्या उंचवट्याशेजारची साल मी बसून बसून गुळगुळीत केली होती. ती जागा मला ओळखू येणार नाही, असं होणार नव्हतं.

मग चुलीत काय आहे?

उतार संपल्यावर मामा ओंडका सोडत होता. मी शक्य तितक्या सहज विचारलं, ‘मामा, हे खोड कुठलं?’

‘कुठलं म्हंजे? तुमच्याच परसातलं. काल सांजच्याला नेलं. वजनाला झकास हाय.’

‘विचारायचं तरी.’

‘इचारायचं काय त्यात? लाकडाला लाकूड ठेवलंय की त्याच जाग्यावर. मत्तीचं. दोन उन्हाळे वाळलंय. अक्काला म्हणावं, नुसती ठिणगी दाव, कसं भडभडा पेटतंय बघ!’

‘गप ऱ्हावा की!’ गाडीतून त्याची बायको ओरडली. ‘वाटंत कशाला नाव काढतासा?’

‘मी लाकडाचं नाव काढलं. त्याचं कुठं काढलं?’

सगळे हसले. अक्का आमच्याकडे पाठ करून बसली होती. तिने मान वळवली नाही.

ऐनाला आमच्याकडे मत्ती म्हणतात. त्याची साल कुंभ्यासारखीच जाड, काळसर, भेगाळलेली असते. पहाटेच्या अंधारात, धुराने चुरचुरणाऱ्या डोळ्यांना ती वेगळी कळायची नाही. पण ऐन धुमसत नाही. ऐन जळतो. राखेखाली त्याने थोडा वेळ दम धरला असेल, मग ज्वाळ उठली असेल. ज्वाळेवर बांबूचा माळा, माळ्यावर पेंढ्यात गुंडाळलेल्या मुड्या, त्यांच्यावर गवताचं छप्पर. माघातलं गवत, एका ठिणगीनेही पेटेल असं कोरडं. आणि त्या मुड्यांत सगळ्या वाडीची पुढची पेरणी.

ओरडून गाडी थांबवावी, सगळ्यांना मागे पळवावं, असं वाटलं. तोंडही उघडलं असेल. पण गाडीत कोण बसलं आहे ते दिसत होतं. खोड चुकलं हे कळलं की ओंडका कोणी उचलला हे कोणी बघणार नव्हतं. मत्ती आणि कुंभा ओळखता आला नाही तो अक्काला, असंच म्हणणार होते. आणि एखादी, जिचं तोंड मला माहीत होतं, ती पुढचंही म्हणणार होती. की पांढऱ्या कपाळाच्या हाती बी दिलं, आणखी काय व्हायचं? घर वाचलं, मुड्या वाचल्या, तरी पुढच्या वर्षी आमच्या दारात कोणी उभं राहणार नव्हतं.

म्हणून बोलायचं नाही. पण मग चालत राहायचं? प्रत्येक वळणाला घर मागे पडत होतं. मी गाडीच्या मागे चालत होतो आणि दर थोड्या वेळाने मागे बघत होतो. मागे झाडांखेरीज काही दिसत नव्हतं.

दुपारी वाटेतल्या एका ओढ्याकाठी बैल सोडले. बायकांनी भाकरीची गाठोडी उघडली. मला घास गिळवेना. मी अक्काजवळ जाऊन म्हणालो, ‘अक्का, मला बरं वाटंना. हिव भरल्यागत होतंय. मी मागं जाऊ का?’

खोटं बोलायची मला सवय नव्हती. आवाज कापला. तो तापासारखाच कापला असेल.

अक्काने भाकरी खाली ठेवली. हात लुगड्याला पुसला आणि तळवा माझ्या कपाळावर ठेवला. कपाळ गार होतं. मला स्वतःला ते गार लागत होतं, घामाने ओलं. तिने हात लगेच काढला नाही. माझ्याकडे बघत राहिली. मी नजर खाली घातली. मग ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, ‘अगं बाई, अंग नुसतं भाजतंय की ह्याचं! जा तम्मा, घरला जा. देवाला मी सांगते.’

मामा हसला. ‘घ्या! ज्या तापाचा नवस फेडायला निघाला, त्योच ताप वाटंत गाठ पडला. मास्तर, देवाच्या आधी त्यालाच भेटायचं हुतं काय?’

त्याच्या बायकोने त्याला गप केलं. मला म्हणाली, ‘एकटा कसा जाणार? थांब, कोणाला तरी संगं देते.’

‘नगं,’ अक्का म्हणाली. ‘दिवस हाय, वाट मळलेली हाय. जाईल त्यो.’ मग पाण्याचा तांब्या माझ्या हातात देताना हळूच म्हणाली, ‘सावकाश जाऊ नगंस.’

तेव्हा मला त्या बोलण्याचं नवल वाटलं नाही. माझं लक्ष तिच्या शब्दांकडे नव्हतंच. पहिल्या वळणापर्यंत मी तापकऱ्यासारखा चाललो आणि गाड्या दिसेनाशा झाल्यावर धोतर खोचून पळत सुटलो.

समोरून जत्रेच्या गाड्यांची रीघ लागली होती. घाटावरून, बेळगाव-धारवाडकडून आलेल्या. घुंगरांचा आवाज, धूळ, देवाचा गजर, आणि मी त्या सगळ्यातून उलटा पळत होतो. एक म्हातारा गाडीतून ओरडला, ‘अरं भाऊ, देव हिकडं हाय, हिकडं!’ कोणी तरी कानडीत काही म्हणालं आणि गाडीभर हशा पिकला. मी थांबलो नाही. महिनोन् महिने आजारी असलेलं शरीर, बरगड्यांत कळा यायच्या, मग चालायचो. चालताना विचार येत, म्हणून पुन्हा पळायचो.

टेकडीचा माथा आला की मी वाडीच्या बाजूला बघायचो. पण माघात आमच्या रानात धूर कुठे नसतो? कोणी शेतात पालापाचोळा जाळत असतं, कुठे तोडीच्या जागी फांद्या पेटवलेल्या असतात. एक धूर दिसला, वाटलं तोच. तो डावीकडे राहिला. पुढे दुसरा दिसला, जाड, काळा, अगदी वाडीच्या अंगाला. जवळ गेल्यावर तो ओढ्यापलीकडच्या माळाचा निघाला. मग वाडीवर धूरच दिसेना, तेव्हा वाटलं, जळून संपलं असेल.

ऊन कलायच्या आत मी अंगणात पोचलो. छप्पर जागेवर होतं. समोरच्या ओट्यावर म्हातारी पाय पसरून बसली होती. पावलांचा आवाज ऐकून म्हणाली, ‘कोण? मास्तर? मागं कसं?’

‘ताप आला.’

‘असू दे, असू दे. आज तुमच्या घरचा धूर झकास वास मारतोय बघ. अक्काच्या हाताला तोड न्हाई.’

मी कडी काढली. स्वयंपाकघर धुराने भरलं होतं आणि त्या धुरात उजेड हलत होता. ऐनाचं खोड जळत जळत चुलीच्या तोंडाबाहेर आलं होतं. जळका तुकडा तुटून सारवलेल्या जमिनीवर पडला होता आणि त्याच्याजवळची केरसुणी मुठीपर्यंत जळून काळी झाली होती. चुलीतली ज्वाळ सरळ उभी होती. तिचं टोक माळ्याला लागत नव्हतं, पण वारा आत आला की चाटून जात होतं. कडेच्या एका मुडीचा पेंढा काळवंडला होता, दोराची गाठ जळून सुटली होती, आणि पेंढ्याच्या टोकांवर लाल ठिपके सरकत होते.

पहिल्यांदा ती मुडी खाली ओढली आणि हातांनी चुरगळून ठिपके विझवले. मग खोडाचं न जळलेलं टोक धरून ते परसात फरपटत नेलं आणि त्यावर माती लोटली. चुलीवर पाणी ओतायचा हात गेला होता, पण मध्येच आवरला. विस्तव विझवायचा नव्हता. निखारे गोळा केले, त्यावर भाताचं तूस घातलं, वर राख. ज्वाळ खाली बसली. पांढरा, साधा धूर पुन्हा माळ्याकडे जाऊ लागला. मी भिंतीला टेकून बसलो, आणि तेव्हा मला खरंच हुडहुडी भरली.

गाड्या परत येईपर्यंत मी चुलीजवळून हललो नाही. जळक्या मुडीला नवा पेंढा गुंडाळला, नवा दोर बांधला. ती मामाच्या घरची मुडी होती. त्यांची गाठ कशी होती ते मला आठवेना. मारली कशीबशी.

जत्रेहून आल्यावर अक्काने मला अंगारा लावला, प्रसाद दिला, आणि आत गेली. मी दारातून बघत होतो. तिने चुलीकडे बघितलं. केरसुणीची रिकामी जागा बघितली. मग माळ्याकडे. तिने माझी गाठ मारलेली मुडी खाली काढली, नाकाशी नेली, तळव्यावर तोलली. थोडा वेळ ती मांडीवर घेऊन बसली. मग उठून तिने आमच्या घरची मुडी खाली काढली. तिच्यावरची आमची गाठ सोडली आणि मामाच्या घरची मारली. जळक्या मुडीवर आमची गाठ मारली. दोन्ही मुड्या आपापल्या जागी ठेवल्या. वळली तेव्हा मी दारात दिसलो. म्हणाली, ‘ताप उतरला न्हवं?’

‘उतरला.’

‘बरं झालं.’

पेरणीपर्यंतचे महिने मला फार जड गेले. एवढी आच लागलेलं भात रुजेल का, हे कोणाला विचारायची सोय नव्हती. अक्का नेहमीसारखी वागत होती. मृगाला मुड्या उतरल्या, बायका आल्या, आपापली गाठ बघून घेऊन गेल्या. मामाची बायको म्हणाली, ‘आमची जरा जडच लागती की गं यंदा.’ अक्का म्हणाली, ‘धूर खाऊन फुगली आसंल.’

सगळ्यांच्या तरव्यांत, म्हणजे रोपांसाठी पेरलेल्या वाफ्यांत, रोपं दाट हिरवी उगवली. आमच्यात मूठ मूठ अंतरावर एखादं. बांधावरून जाणारी एकजण थांबून म्हणाली, ‘काय गं अक्का, सगळ्यांचं बी राखलंस आणि घरचंच रुजंना?’ अक्का चिखलात वाकलेली होती. ती हसली. ‘राखणाऱ्याचा वाटा एवढाच असतोय गं,’ म्हणाली. त्या वर्षी आम्ही नाचणीच जास्त खाल्ली. पुढच्या वर्षी मुड्या पुन्हा आमच्याच दारी आल्या. त्याच्या पुढच्या वर्षीही, आणि दरवर्षी.

त्या दिवसाबद्दल आम्ही कधी बोललो नाही. तिला कधी कळलं, हा एक प्रश्न माझ्याकडे राहिला. मुडी नाकाशी नेली तेव्हा? गार कपाळावर हात ठेवला तेव्हा? की उतार संपल्यावर मामा बोलला तेव्हाच, पाठमोरी बसलेली असताना? तसं असेल तर ओढ्यापर्यंतची सगळी वाट ती गाडीत काय सोसत बसली होती? तिला बोलता येत नव्हतं, उतरता येत नव्हतं, आणि मागे जाऊ शकेल असा एकच माणूस, नुकताच तापातून उठलेला, तिच्या गाडीमागून खाली मान घालून चालत होता. झाकलेल्या विस्तवाबद्दल विचारायचं नसतं. मी पुढेही विचारलं नाही. यंदाच्या श्रावणात अक्का गेली.

माळा तेव्हा रिकामा होता. सुतक फिटलं, कापणी झाली. मला वाटलं, आता मुड्या दुसरीकडे जातील. बायको-पोर नसलेला, दिवसभर शाळेत असणारा पुरुष मी. पण एका सकाळी मामा आला. आता तो काठी टेकत चालतो. त्याच्या सुनेच्या डोक्यावर मुडी होती.

‘मामा, माझ्याच्यानं राखणं होणार न्हाई,’ मी म्हणालो. ‘दिवसभर घराला कडी असते.’

‘मग? अक्काच्या चुलीवरनं दुसरीकडं कुठं नेऊ?’ तो ओट्यावर बसला, धापा टाकत. ‘घे की आत. गाठ तेवढी वळखून ठेव.’

मी उंबऱ्याच्या आत उभा राहून मुडी हातात घेतली.

आता शाळेत पोचलो की मी खिडकीतून वाडीकडे बघतो. झाडांवर धूर दिसला की वाटतं, जास्तच आहे. दिसला नाही की वाटतं, विझला. मुलांना पाढे म्हणायला लावतो, दारापर्यंत जातो, परत येतो. मधल्या सुट्टीआधीच कधी तरी राहवत नाही आणि मी काही न बोलता घराच्या वाटेला लागतो. सुरुवातीला मुलं विचारायची, तेव्हा हिव भरल्याचं सांगायचो; आता विचारत नाहीत. माझी पाठ वळली की त्यांच्यातलं कोणी तरी म्हणतं, ‘मास्तरांना हिव भरलं,’ आणि बाकीची हसत पाढे पुढे चालू ठेवतात.